हजारातल्या तिघी

दुपारचं जेवण आटोपलं की हेमलता सावदेकर कानात ऐकायची बोंडी घालून खिडकीशी बसायच्या आणि कोणाचं तरी अडावं म्हणून वाट बघायच्या. दुसऱ्याचं अडावं अशी इच्छा धरणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण सारी नोकरी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला गणित शिकवण्यात गेलेली. अडलेली मुलं हाच त्यांचा गोतावळा. एके काळी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात रांग लागायची. कोणाचं चक्रवाढ व्याज फसलेलं, कोणाचा आलेख कागदाबाहेर पळालेला. "मॅडम, एकच शंका," म्हणत आलेली पोरगी चार शंका विचारून, वर मॅडमच्या डब्यातली मेथीची वडी खाऊन जायची.

आता रांग नव्हती. आता टिकली होती.

टिकली म्हणजे खरोखरच टिकलीएवढी चकती. कपाळाऐवजी कानामागे चिकटवायची. तिच्यामागचं शास्त्र तसं जुनंच. आपण चुकतो आहोत, किंवा अडलो आहोत, हे आपल्याला उमगण्याच्या किंचित आधी मेंदूच्या पुढच्या भागात विजेची एक बारीक लहर उठते. पूर्वी ती बघायची तर डोक्याला तारांचं जाळं बांधून प्रयोगशाळेत बसावं लागे. ती एवढ्याशा चकतीत पकडता येऊ लागली आणि लोकांनी तिला 'अडलहर' असं सुटसुटीत नाव दिलं. गणित करता करता मूल अडलं की लहर उठायची, टिकली ती हेरायची आणि कानात हलकेच विचारायची, "इथे व्याज वर्षाचं धरलंस की सहामाहीचं?" उत्तर सांगायची नाही, फक्त पुढच्या पायरीवर बोट ठेवायची. लहर शमली की टिकलीही गप्प.

खोटं कशाला बोला, टिकलीनं पोरांचं भलं केलं. ज्या गावात बारावीला गणित शिकवायला माणूस मिळत नव्हता, तिथली मुलं धडाधड पास होऊ लागली. शिकवण्यांच्या पाट्या उतरल्या. गणिताच्या नावानं रडणारं पोर शोधूनही सापडेना.

एवढं करूनही कधी कधी लहर शमत नसे. उत्तर निघालेलं, पायऱ्या बरोबर, तरी मुलाच्या डोक्यात काहीतरी खुटखुटतच राहिलेलं. अशा वेळी टिकली त्या मुलाचं बोलणं एखाद्या माणसाशी जोडून द्यायची. त्या माणसाला मदतनीस म्हणत. आवाज बदललेला, नाव-गाव झाकलेलं, आणि नियम एकच, गणिताखेरीज एक शब्द बोलायचा नाही. हेमलताबाई अशा मदतनीस होत्या. त्यांची मुलगी केतकी पुण्याला टिकलीच्याच कंपनीत होती, तिनंच हे काम मिळवून दिलं होतं. "तू रिकामी बसलीस की मला दिवसातून दहादा फोन करतेस. त्यापेक्षा पोरांचं डोकं खा," असं म्हणून.

त्या दुपारी बोंडी वाजली आणि एक आवाज आला. यंत्रानं धुऊन काढलेला, ना मुलीचा ना मुलाचा.

"मॅडम, जीवनसारणीचं गणित आहे."

"वाच."

जीवनसारणी म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती माणसं जगतात याचं कोष्टक. पूर्वी ती अभ्यासक्रमात होती, मग गेली, मग पुन्हा आली. हेमलताबाईंची आवडती. बाकीच्या गणितात आंबे आणि खुर्च्या, इथे निदान माणसं.

"एका वयाच्या एक हजार बायका आहेत. कोष्टकावरून त्यातल्या किती पुढचा वाढदिवस पाहतील?"

"किती आल्या?"

"नऊशे सत्त्याण्णव."

"मग बरोबर आहे की. कुठे अडलं?"

आवाज म्हणाला, "मॅडम, त्या तिघी कोण, ते कसं काढायचं?"

हेमलताबाईंच्या तोंडून आपसूक उत्तर गेलं. "ते गणितात निघत नाही. गणित फक्त किती ते सांगतं."

"टिकलीपण हेच म्हणून राहिली."

आणि आवाज बंद झाला. यंत्रानं आवाज कितीही धुतला तरी 'म्हणून राहिली' काही धुतलं गेलं नव्हतं. पोर आपल्याच भागातलं, वऱ्हाडातलं. बाईंनी बोंडी काढून ठेवली, पुन्हा घातली, चहाचं आधण ठेवलं आणि चहा टाकायलाच विसरल्या. पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा त्या अंगणात कडेला उभ्या होत्या, आणि आपण तिथे कशाला आलो हे त्यांना आठवेना.

संध्याकाळी केतकीचा फोन.

"आई, गोड बातमी. सोमवारपासून उलट लहर सुरू."

"म्हणजे काय ते मराठीत सांग."

"मराठीतच सांगते आहे ना. हे बघ, पंख्याचा आवाज होतो. त्याच्या बरोब्बर उलटा आवाज कानात सोडला की दोन्ही एकमेकांना खातात आणि आपल्याला शांत वाटतं. तसंच. मुलाचं उत्तर बरोबर आलंय, तरी अडलहर उठतेच आहे, म्हणजे ती फुकटची धास्ती. टिकली तिच्या उलट लहर सोडणार. पोर एकदम शांत. आम्ही ऑफिसात सगळे महिनाभर लावून बसलोय. इतकी छान झोप लागते म्हणून सांगू."

"आणि पंखा?"

"कोणता पंखा?"

"तो फिरतच असतो ना गं? फक्त ऐकू येत नाही."

"झालं तुझं सुरू!" केतकी हसली, पण हसणं लवकर संपलं. "आई, तुझ्या तासाला मी दुसऱ्या बाकावर बसायचे. तू फळ्याकडे वळलीस की माझे हात गार पडायचे. घरी तू आई, तिथे मॅडम. एका तरी मुलीचे हात गार पडू नयेत म्हणून मी हे काम करते. त्यात तुला खोट काढायची असेल तर काढ."

"मग आम्ही मदतनीस?" त्यांनी विचारलं.

"सोमवारनंतर लागणार नाहीत. तू आपली आराम कर."

आराम! दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होत्या. त्या तिघी कोण? असं विचारणारं पोर गणितात अडलेलं नसतं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की शंकेच्या आत दुसरीच शंका असते. 'मॅडम, हे सूत्र कुठून आलं' विचारणाऱ्या मुलीला कधी कधी एवढंच सांगायचं असतं, की घरी लग्नाची बोलणी चालू आहेत. तेव्हा दाराशी रांग असली तरी बाई म्हणायच्या, "तू थांब गं, तुझं मागून बघते." आता कोणाला थांब म्हणणार?

दुपारी बोंडी वाजली. न शमलेली शंका पुन्हा त्याच मदतनीसाकडे यायची. तोच धुतलेला आवाज, तेच गणित.

हेमलताबाईंनी पाठ्यपुस्तक समोर उघडून ठेवलंच होतं. "पुस्तकात तर वय चाळीस दिलंय. तू कोणतं घेतलंस?"

"त्रेचाळीस."

"का?"

समोरच्या फोनच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. विषय सोडून चाललात, अशी ती ताकीद.

"आईचं आहे," आवाज म्हणाला.

दिवा लाल झाला. बाईंनी पडद्यावर हातरुमाल टाकला. "बोल लवकर. काय झालं आईला?"

"उजव्या छातीत गाठ आहे. ब्लाउज बदलताना दिसली मला. हातपण वर होऊन नाही राहिला. मी म्हटलं दवाखान्यात जाऊ, तर म्हणे, तुझं बारावीचं वर्ष आहे, तुझे पेपर होऊ दे. बाबांनाही सांगायचं नाही म्हणते. म्हणून मी कोष्टकात पाहिलं, तर हजारात तीनच..."

"ऐक. ते कोष्टक हजार बायकांचं आहे. त्यात तुझी आई..."

बोंडीत टक्क असा आवाज झाला. पलीकडे कोणी उरलं नव्हतं. रुमाल बाजूला केला तर पडद्यावर अक्षरं: नियमभंगामुळे आपली सेवा थांबवण्यात येत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

बारावीचं वर्ष! हेमलताबाईंनी बोंडी काढून ठेवली. यंत्रं आली, वर्गातले फळे गेले, पण हे काही गेलं नाही. घरात बारावीचं पोर असलं की टीव्ही बंद, पाहुणे बंद, घराला रंग देणं बंद, आत्याचं लग्नसुद्धा मे महिन्यात. त्यांच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा गेले, तर तिला मावशीकडे ठेवून शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं होतं. पोरगी निकालाच्या पेढ्यांसकट बाईंपुढे येऊन रडली होती. आणि आता ही कोण ती आई, तपासणीलाच पेपर संपेपर्यंत थांबवून बसलेली. हे सगळं माहीत असलेलं जगात एकच पोर, आणि सोमवारी त्या पोराची बेचैनी पुसून टाकणार. उत्तर बरोबर आहे ना? मग धास्ती फुकटची! लहरीला काय ठाऊक, कोणती बेचैनी गणिताची आणि कोणती आईची!

त्यांनी केतकीला फोन लावला.

"ती मुलगी कोण ते मला सांग."

"आई, ते सांगता येत नाही. आणि तू काय केलंस ते माझ्या वरिष्ठांपर्यंत पोचलंय. माझ्या शब्दावर घेतलं होतं तुला त्यांनी."

"केतकी, तिच्या आईला..."

"एका पोरीसाठी सगळ्यांची नावं उघडी करायची? उद्या कोणीही मागेल. नियम पोरांच्याच भल्यासाठी आहे."

"मग तू फोन कर तिला. मला नाव सांगू नकोस."

"मला जेवढं बघायची परवानगी आहे तेवढंच मी बघते," केतकी शांतपणे म्हणाली. बाईंना तो शांतपणाच खटकला. ही पोरगी लहानपणापासून अशी, की वाद घालताना घर डोक्यावर घ्यायची. आज आवाज जराही चढला नाही.

सोमवार आला आणि गेला. बातम्यांत हसरी मुलं दिसली. हेमलताबाईंनी आधी शेजारच्या बाईंना विचारलं, मग जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. बारावी वाणिज्य, बहुतेक मुलगी, आई त्रेचाळीस वर्षांची, उजवा हात वर न होणारी, कोणाला माहीत आहे का? "सावदेकर मॅडम, असं कसं शोधणार? वऱ्हाड म्हणजे काय आपली कॉलनी आहे?" त्या जेवायला बसायच्या आणि दोन घासांत उठायच्या.

गुरुवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. केतकी. केस विस्कटलेले, डोळे लाल. पिशवी दारातच टाकून ती पलंगाच्या कडेला बसली.

"अगं, कळवायचं तरी! चहा ठेवू?"

"आई, आधी ऐक. तुझ्या त्या बोलण्याची ध्वनिफीत चौकशीसाठी माझ्याकडे आली. मी ऐकली. ती पोरगी म्हणते हात वर होत नाही, हजारात तीनच. आणि मला काहीच झालं नाही. काहीच. मी शेरा लिहिला, नियमभंग सिद्ध, आणि डबा खायला गेले." तिनं केस मागे सारले. कानामागे चकती नव्हती, गोल लालसर डाग होता. "रात्री आंघोळीच्या वेळी टिकली काढली होती. केस पुसताना एकदम आठवलं, की मी पोळी-भाजी खाल्ली. ते ऐकून मी पोळी-भाजी खाल्ली, आई! मग टिकलीशिवाय परत ऐकलं."

हेमलताबाई तिच्या शेजारी बसल्या. केतकीचे हात बर्फासारखे गार होते. त्यांनी ते आपल्या हातात धरून ठेवले.

"नाव काढलंय मी. उद्या मला विचारतील, विचारू देत. प्रांजल ढोमणे. चांदूर बाजारची. हा घरचा नंबर."

हेमलताबाईंनी लावलेला फोन लगेच उचलला गेला. स्वच्छ, गोड, मुलीचा आवाज. धुतलेला नसलेला आवाज बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"प्रांजल, मी गणिताची मॅडम. आपलं बोलणं अर्धवट राहिलं होतं बघ."

"हो मॅडम! ते झालं. आता काही वाटत नाही मला. अभ्यास मस्त चालू आहे."

"आणि आई?"

"आहे ना. शिवून राहिली."

"गाठ?"

"आहे," प्रांजल म्हणाली. जणू दारात सायकल आहे. "पण हजारात तीनच असतात ना मॅडम. उत्तर बरोबर आहे."

केतकीनं तोंडावर हात घेतला. हेमलताबाईंनी डोळे मिटले. हिला घाबरवून उपयोग नव्हता, घाबरायची जागाच मिटवून टाकली होती. रडवूनही उपयोग नव्हता. मग उरलं काय? उरलं ते एवढंच, की पोरगी विद्यार्थिनी होती.

"ताळा केलास?"

"ताळा म्हणजे?"

बरोबरच आहे. टिकली कधी चुकत नाही, तर ताळा कोण करणार? किती वर्षांत कोणाला लागलाच नव्हता.

"उत्तर आलं की ते मूळ गणितात परत घालून बघायचं, बसतं का ते. त्याला म्हणतात ताळा. चुकल्यासारखं वाटतं म्हणून करायचा नाही. बरोबर वाटत असलं तरी करायचा. वाटण्याचा आणि ताळ्याचा संबंधच नाही. कळलं?"

"हो."

"तुझं उत्तर काय आलं?"

"आई बरी आहे."

"घाल गणितात. शिवणारी बाई बरी असली तर तिला काय करता येतं?"

"मशीन चालवता येते."

"चालवते?"

"चालवते. पण कापड डाव्या हातानं सारते. उजवा जात नाही पुढे."

"आणखी?"

"दोरीवर कपडे वाळत घालता येतात. ते मी घालून राहिली दिवाळीपासून."

"मग? बसलं उत्तर?"

"नाही बसलं."

"नाही बसलं की काय करायचं?"

"गणित पुन्हा करायचं." आवाजात काही म्हणजे काही हललं नव्हतं. पण पायरीपुढची पायरी तिला दिसत होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं ती घेतली. फोन हातात घेऊन ती चालत गेल्याचं ऐकू आलं. शिलाई मशीनची घरघर जवळ आली आणि थांबली.

"आई, तुझं चुकलं आहे. आपल्याला दवाखान्यात जायचं आहे. मॅडमचा फोन आहे."

थोडी झटापट, कुजबुज. मग बाईचा आवाज.

"कोण बोलून राहिलं?"

"मी हेमलता सावदेकर. अमरावतीहून. गणित शिकवते."

"पोरीनं काही केलं काय, मॅडम?"

"पोरीनं बरोबर केलं. गाठ किती दिवसांची आहे, बाई?"

प्रांजलची आई, शुभांगी ढोमणे, हळू आवाजात म्हणाल्या, "दुखत नाही मॅडम ते. पोरीचे पेपर होऊ द्या. शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी येतो. मी देवाला बोलली आहे तसं. आतापासून मले कुठं भरती केलं, तर कोण पाहीन तिचं? वर्ष वाया जाईन पोरीचं."

"प्रांजलचा पेपर गेला तर पुरवणी परीक्षा असते. जुलैत पुन्हा बसेल. तुमच्या या पेपराला पुरवणी नाही."

"तुम्ही असं कसं बोलता हो?"

"बारावीच्या आयांशी मी असंच बोलत आले. हेही ऐका. पोरीला सगळं माहीत आहे. तुम्ही तिच्यापासून काय लपवून ठेवलंय? इतके दिवस ती अभ्यास नाही, तुमचं गणित करत होती. आता फक्त तिला त्याचं काही वाटेनासं झालंय. ते तुम्हाला चालणार आहे का?"

मशीनच्या चाकावर हात ठेवावा तसा एक बारीक किर्र आवाज आला. "दोन दिवस झाले," त्या म्हणाल्या, "पोरगी माझ्याकडे पाहते आणि हसते. मले वाटलं, विसरली. बरं झालं म्हटलं. अशी नव्हती हो ती. रोज मागं मागं फिरे माझ्या."

"उद्या सकाळची पहिली बस पकडा. आम्ही दोघी स्टँडवर उभ्या राहतो."

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या तपासणी विभागाबाहेर बायकांची ही गर्दी. शुभांगीताई आत गेल्या होत्या. चौकटीच्या शर्टातली, दोन वेण्यांची प्रांजल बाकावर सरळ बसून समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होती. केतकीनं तिच्यापुढे उकिडवं बसून विचारलं, "काढू का गं ही?" मुलीनं मान हलवली. केतकीनं तिच्या कानामागची चकती नखानं सोडवली आणि आपल्या मुठीत धरली.

"लगेच नाही होणार," केतकी हेमलताबाईंना म्हणाली. "उलट लहरीचा असर उतरायला वेळ लागतो."

एक नंबर पुकारला गेला, मग दुसरा. प्रांजल तक्ता वाचत होती. मग तिचा डावा पाय हलायला लागला. आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. ती उठली, दाराशी जाऊन काचेतून आत पाहून आली. बसली. पुन्हा उठली.

"मॅडम, एवढा वेळ काहून लागून राहिला?"

"लागतो."

"आई एकटीच आहे ना आत? तिला भीती वाटते सुईची." तिनं नर्सबाईंना जाऊन विचारलं, बोलणी खाल्ली, परत आली, वेणीचं टोक दातात धरलं, पुन्हा दाराकडे गेली. तिचा श्वास आता ऐकू येत होता.

बाकावरची एक म्हातारी वैतागली. "अगं ए पोरी, बस ना एका जागी! किती ती तगमग! हिला सांगा हो कोणीतरी."

"राहू द्या हो, आजी," हेमलताबाई म्हणाल्या, आणि स्वतः उठून दाराशी तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.